दुसऱ्या क्लॅरिनेटचा पार्ट

ऑर्केस्ट्रात तिला सगळे रबरताई म्हणत. समोर म्हणत, मागे म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण नाव खोटं नव्हतं. सत्तर वादकांच्या नोटेशनची कपाटं तिच्या ताब्यात होती आणि निम्मा जन्म खोडण्यात चालला होता. वादक लोक आपापल्या कागदावर, म्हणजे पार्टवर, शिसपेन्सिलीनं काय वाटेल ते गिरवून ठेवतात. इथे श्वास घे, इथे वर बघ, इथे घाई करू नकोस गाढवा. ते सगळं पुसून पुढच्यांच्या हातात स्वच्छ पार्ट द्यायचा, हे तिचं काम. आणि पुसायचीही कशी! मऊ खोडरबर, खालून वर, हलक्या हातानं, मग एक फुंकर, मग सुती फडकं. पानाला पत्तासुद्धा लागत नसे.

मनातलं मात्र तिला काही पुसता येत नव्हतं. एका माणसावर तिनं अकरा वर्षं डूख धरला होता.

त्याला ती फुंकऱ्या म्हणे. हे नाव बाबांनी ठेवलेलं. तेरा वर्षांचा असताना तो बाबांकडे क्लॅरिनेट शिकायला आला, तेव्हा पहिला महिनाभर वाद्यातून नुसती हवाच यायची. "अरे फुंकऱ्या, आपल्याला चूल पेटवायची नाहीये," बाबा म्हणायचे. पुढे हाच फुंकऱ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या क्लॅरिनेटच्या खुर्चीवर बसला आणि बाबा त्याच्या शेजारी, दुसऱ्या. बाबांना त्याचं कौतुक होतं. तिला कसलं कौतुक? पण बाबांच्या चेहऱ्याकडे बघून ती गप्प बसायची.

तर झालं असं, की एका सकाळी कंडक्टरबाई तिच्या खोलीत आल्या. तिकिटं फाडणाऱ्या नव्हेत, हातात छडी घेऊन ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या. म्हणाल्या, "तो स्पॅनिश क्लॅरिनेट कॉन्चेर्टो मागवा. पूर्वी झालाय म्हणे आपल्याकडे. सोलो वाजवायला आपला पहिला क्लॅरिनेट उभा राहणार आहे. रेडिओवरून थेट जाणार आहे कार्यक्रम."

रबरताईच्या हातातला खोडरबर जागच्या जागी थांबला.

"मागवते," ती म्हणाली.

कॉन्चेर्टो म्हणजे एक वाद्य पुढे उभं राहून वाजणार आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याला साथ देणार. असल्या नव्या रचनांचे पार्ट दुकानात मिळत नाहीत. रचनाकार बाई हयात आहेत, स्पेनमध्ये राहतात. त्यांच्या प्रकाशकाकडे सगळ्या वाद्यांच्या पार्टचा एकच संच, तोच पेटीत बसून देशोदेशी हिंडतो. वाजवा, पुसा, परत करा. तिनं पत्र लिहिलं, फॉर्म भरला, तारखा कळवल्या. उत्तर आलं की संच सध्या दुसऱ्या ऑर्केस्ट्राकडे आहे, तिथून निघाला की तुमच्याकडे येईल. ती वाट बघत बसली. वाट बघण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

अकरा वर्षांपूर्वी हाच संच आला होता, तेव्हा तिला नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. मोठे ग्रंथपाल अजून निवृत्त व्हायचे होते, आणि ही त्यांच्या हाताखाली पळापळ करायची. त्या वेळी दुसऱ्या क्लॅरिनेटचा पार्ट मागे राहिला होता, तालमी सुरू झाल्यावर वेगळ्या पाकिटातून आला आणि आला तसाच, मळका, बाबांच्या स्टँडवर गेला. तिच्या जिवाला ते किती लागलं! बाबांच्या पानावर परक्यांचे ओरखडे? बाबा पार्ट घरी आणायचे. मग रविवारी दुपारी ते जरा आडवे झाल्यावर तिनं जेवणाच्या टेबलावर तो स्वतः साफ केला. बाबांचं अक्षर तेवढं ठेवलं. तिच्या हातून लखलखीत झालेला तो पहिला पार्ट, आणि तोही बाबांचा.

कारणही तसंच होतं. सव्वीस वर्षं बाबा दुसऱ्या खुर्चीवर बसले, म्हणजे सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या सुराखाली सूर धरत बसले. या स्पॅनिश बाईंनी मात्र काय केलं? मधल्या संथ भागात सोलो क्लॅरिनेट, त्या वेळी बाहेरून आलेला पाहुणा वादक, पुढून साद घालतो, आणि तिला उत्तर देतो तो पहिला क्लॅरिनेट नव्हे, दुसरा! मागच्या रांगेतून, एकटा. कागदावर ठरावीक अंतरानं चौकटीत आकडे असतात, त्यांतल्या एक्केचाळीसपासून चव्वेचाळीसपर्यंत ही साद आणि तिचं उत्तर. बाबा महिनाभर घरात तेवढंच वाजवत होते. शेजारच्या काकूंनासुद्धा पाठ झालं होतं.

आणि शेवटच्या तालमीत तेव्हाच्या कंडक्टरनं नेमकं तेच कापलं. वेळ पुरत नाही म्हणाला. एक्केचाळीस आलं की थेट चव्वेचाळीसवर उडी मारा. तिथे आधी सगळ्या ऑर्केस्ट्राला पूर्ण शांतता आहे आणि मग मोठा आघात.

रविवारी चारच्या कार्यक्रमात सगळ्यांनी उडी मारली. बाबांनी नाही मारली. भरल्या सभागृहात, त्या ठार शांततेत, मागच्या रांगेतून एकटा क्लॅरिनेट वाजायला लागला. सुंदर वाजत होता हो! पण प्रेक्षकांत खसखस पिकली, कंडक्टरनं डोळे वटारले, आणि शेजारच्या खुर्चीवर फुंकऱ्याचे खांदे हलत होते. तो हसत होता. रबरताईनं पडद्याआडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

लोक काय काय बोलले. कुणी म्हणालं, म्हातारा हट्टानं वाजला, आपला तुकडा कापला म्हणून. कुणी म्हणालं, लक्ष राहत नाही आता. बाबा पार्ट कोटाच्या खिशात घालून घरी आले, दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन आले, आणि क्लॅरिनेट कपाटावर चढवून ठेवला. "डोकं चालेनासं झालंय माझं," एवढंच बोलले. तो पार्ट तिनं न उघडताच पाकिटात घालून परत पाठवला, उघडण्याची हिंमतच झाली नाही. तेव्हापासून घरभर तिच्या चिठ्ठ्या. गॅसपाशी 'बंद केला का?', दारापाशी 'किल्ली घेतली का?', डब्यांवर साखर, मीठ, चहा. बाबा त्या चिठ्ठ्या वाचत आणि निमूटपणे मान हलवत. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं मात्र ते दहा मिनिटांत सोडवत. तिच्या ते कधी ध्यानात आलं नाही.

पेटी आली. तिनं पार्ट मोजले, जुळवले, आणि दुसऱ्या क्लॅरिनेटचा बाजूला काढला. पहिल्याच पानावर बाबांनी काढलेला छोटा चष्मा होता. 'इथे डोळे उघडे ठेव' याची त्यांची खूण. बाबांच्या खुणा इतक्या नेमक्या होत्या, की अकरा वर्षांत कुणाही वादकाला त्या पुसाव्याशा वाटल्या नव्हत्या. पान उलटता उलटता ती एक्केचाळीसपाशी आली. सगळं शाबूत होतं. श्वासाच्या खुणा होत्या, चष्मा होता, 'सावकाश' होतं. फक्त उडीची खूण नव्हती.

तिनं दिवा आडवा धरला. पेन्सिल पुसली तरी दाब राहतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिरप्या उजेडात चरा दिसायला लागला. एक्केचाळीसवरून निघालेला लांब बाण, आणि त्याच्या शेपटीला एक छोटी गाठ.

ती गाठ! बाणाला अशी गाठ सबंध ऑर्केस्ट्रात एकच माणूस मारतो. अकरा वर्षं फुंकऱ्याचे पार्ट पुसून पुसून ती गाठ तिच्या डोळ्यांत बसली होती. म्हणजे बाबांच्या पानावर त्याचा हात पडला होता. भलेपणाचं नाटक करून खूण त्यानंच केली, आणि कार्यक्रमाआधी त्यानंच पुसली! म्हणून खांदे हलत होते मेल्याचे!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. बाबांचं डोकं कायमच ठिकाणावर होतं, आणि या नालायकानं त्यांना त्यांच्याच घरात वेडं ठरवलं. तिच्याकडून ठरवून घेतलं! त्या संध्याकाळी बाबा 'साखर' लिहिलेल्या डब्यातून साखर घेत होते, तेव्हा तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आधी उट्टं काढायचं, मग सांगायचं.

संधी तिला शोधावी लागली नाही, चालत आली. रेडिओवाल्यांनी कळवलं की कार्यक्रम तीन मिनिटं लांबतोय. रविवारी सकाळी, शेवटच्या तालमीच्या आधी, कंडक्टरबाई डोक्याला हात लावून तिच्या खोलीत आल्या. "कुठे कापू हो ताई? सगळंच एकमेकांत गुंतलंय."

"एक्केचाळीस ते चव्वेचाळीस," रबरताई म्हणाली. "मागच्या वेळी तेच कापलं होतं."

"देवासारख्या भेटलात," बाई म्हणाल्या.

तालमीत बाईंनी काटछाट सांगितली. सत्तर पेन्सिली खसाखस चालल्या. पुढे उभ्या असलेल्या फुंकऱ्यानं स्वतःच्या पार्टवर लांब बाण काढला, शेपटीला गाठ मारली, आणि उगीचच एकदा मागे, दुसऱ्या क्लॅरिनेटच्या खुर्चीकडे, बघितलं. तिथे आता दुसरंच कुणी बसत होतं. रबरताई दारात उभी राहून सगळं टिपत होती.

तालीम संपल्यावर तो तिच्याजवळ आला. पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. अकरा वर्षं अहो-जाहो करत होती, चार हात लांब ठेवायला.

"ताई, सर कसे आहेत?"

"आहेत. गॅस बंद केला की नाही, ते लक्षात राहत नाही त्यांच्या."

त्यानं मान खाली घातली. "यायचं असतं मला. पण तोंड नाही दाखवायला."

हो का? ती मनात म्हणाली. आज संध्याकाळपर्यंत थांब, मग बघू तुझं तोंड. वरवर म्हणाली, "या ना कधीही."

ऑर्केस्ट्राची रीत अशी, की तालीम आणि कार्यक्रम एकाच दिवशी असले की पार्ट स्टँडवरच राहतात. वादक जेवायला जातात, आणि मधल्या वेळात रंगमंचावर फक्त ग्रंथपाल फिरतो, पानं सारखी करतो, पडलेलं उचलतो. तिला कुणी हटकण्याचा प्रश्नच नव्हता. रिकाम्या खुर्च्यांमधून ती सरळ पुढच्या स्टँडपाशी गेली, खिशातून मऊ खोडरबर काढला, आणि एक्केचाळीसवरची खूण पुसली. खालून वर, हलक्या हातानं. मग फुंकर, मग फडकं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. इतका हलका तिचा हात कधी चालला नव्हता.

चार वाजता रेडिओचा लाल दिवा लागला. निघताना तिनं घरी बाबांजवळ रेडिओ लावून ठेवला होता. "आज ऐकाच तुम्ही," असं बजावलं होतं, आणि बाबांनी का म्हणून विचारलं तरी सांगितलं नव्हतं.

पहिला भाग जोरात झाला. वादक टाळ्या वाजवतात त्यात, स्पॅनिश ठेक्यावर, एक गट आधी, एक गट मागून. फुंकऱ्या खरोखर छान वाजवत होता, मान्य करायला तिची हरकत नव्हती. चढू दे चांगला उंच. मग संथ भाग सुरू झाला. एकोणचाळीस, चाळीस. तिनं पडद्याची कड मुठीत धरली.

एक्केचाळीस. सत्तर जण उडी मारून शांततेत उतरले. आणि त्या शांततेत एकट्या फुंकऱ्यानं साद घातली.

त्याच्याही लगेच ध्यानात आलं नाही. त्यानं साद पूर्ण केली, आणि कागदावर होतं तसा उत्तरासाठी थांबला. उत्तर कुठून येणार? कुणीच वाजवलं नाही. त्यानं पानाकडे बघितलं, कंडक्टरबाईंकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. त्यानं वाद्य पुन्हा तोंडाला लावलं, तेवढ्यात ऑर्केस्ट्राचा आघात त्याच्यावर कोसळला आणि क्लॅरिनेटमधून एक चिरका आवाज निघाला. थेट रेडिओवर, घराघरांत! पुढचा सगळा भाग तो कसाबसा ओढत नेत होता. रबरताई हसली नाही. तिला नुसतं, किती वर्षांनी, पोटभर श्वास घेता आला.

टाळ्या संपल्या, खुर्च्या सरकल्या, आणि तिनं भराभर पार्ट गोळा केले. दुसऱ्या क्लॅरिनेटचा मात्र स्वतःच्या पिशवीत टाकला आणि दिवेलागणीला घर गाठलं.

बाबा रेडिओसमोर बसले होते. रेडिओ बंद होता.

"ऐकलंत?" चपला काढता काढता ती म्हणाली. "ऐकलंत ना बाबा? तुमचं उट्टं काढलं मी!"

"काय केलंस तू?"

तिनं पार्ट टेबलावर पसरला, दिवा आडवा धरला, आजच्या वादकाच्या ताज्या खुणेखालचा जुना चरा दाखवला, गाठ दाखवली. मग एका दमात सगळं सांगितलं. काटछाट कुणी सुचवली, बाण कुणी पुसला, तो कसा उत्तराची वाट बघत उभा राहिला. "डोकं तुमचं नव्हतं चळलं, बाबा. त्यानं पुसली होती ही खूण. त्यानं! आता बसू दे त्याला आयुष्यभर लोकांची हसणी ऐकत."

बाबांनी चष्मा लावला नाही. त्यांनी नुसता अंगठा त्या चऱ्यावरून फिरवला.

"माझी पेन्सिल घरी राहिली होती त्या शनिवारी," ते म्हणाले. "त्यानंच वाकून खूण केली माझ्या पानावर. म्हणाला, सर, अन्याय आहे हा, तुमचाच तुकडा कापला."

"आणि मग पुसली!"

"नाही गं."

"मग कुणी पुसली?"

टेबलाच्या ज्या बाजूला ती उभी होती, तिकडे बाबांनी बघितलं. जेवणाचं टेबल तेच होतं. खिडकीही तीच. रविवारची दुपार, आतल्या खोलीत बाबा आडवे झालेले, आणि ती नवा खोडरबर घेऊन परक्यांचे ओरखडे शोधतेय. शनिवारी काटछाट ठरली, तेव्हा ती तालमीत नव्हती, फोटोकॉपीच्या रांगेत उभी होती. बाबांच्या हातची नसलेली एक खूण पानावर दिसली होती. एक लांब बाण. किती खुशीत पुसला होता तिनं तो!

ती खुर्चीवर बसली.

"खालून वर, हलक्या हातानं," बाबा म्हणाले. "त्याच दिवशी ओळखलं मी. घरात तसं पुसणारं दुसरं कोण होतं?"

"मग बोलला का नाहीत? अकरा वर्षं, बाबा! मी डब्यांवर चिठ्ठ्या लावत बसले, आणि तुम्ही..."

"तीन आठवडे झाले होते तुला लागून. मोठ्या ग्रंथपालांनी त्याच दिवशी घरी बसवलं असतं. माझी काय, दोनच वर्षं उरली होती. आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू स्वतःला सोडलं नसतंस."

फोन वाजला. बाबांनी उचलला. पलीकडचा आवाज घोगरा होता, पण त्या शांत खोलीत तिलाही नीट ऐकू येत होता.

"सर, मी बोलतोय. तुमचा फुंकऱ्या."

"बोल रे."

"आज मला कळलं सर, त्या दिवशी तुमचं काय झालं असेल. मी हसलो होतो तेव्हा. घाबरून हसू आलं होतं, पण हसलो होतो. अकरा वर्षं माफी मागायचीय." नाक ओढल्याचा आवाज आला. "खूण केली होती हो मी, सर. शपथेवर सांगतो, केली होती. आणि पानावर नाहीच! पंचेचाळिसाव्या वर्षी हे असं? मी सोडून देतो सर. उद्याच लिहून देतो. डोकं चालेनासं झालंय माझं."

बाबांनी डोळे मिटले. रिसीव्हर कानाचा काढला आणि टेबलावर, त्या पार्टवर, तिच्या पुढ्यात ठेवला.

आतून "सर? सर?" असा बारीक आवाज येत होता.

तिनं रिसीव्हर उचलला. "मी बोलतेय," ती म्हणाली. "अरे, राजीनामा देऊ नकोस." अकरा वर्षांनी तिच्या तोंडून 'अरे' आलं होतं. "ती खूण मी पुसली."

पलीकडून त्यानं विचारलं, "कुठली, ताई? माझी?"

बाबा तिच्याकडे बघत होते.

"दोन्ही," ती म्हणाली.